कोंडलेल्या जिवाचा सूर्य

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की काही किलोमीटरांवर पाली येते. गावाला लागून बिंदुसरेचे धरण, पुढे मांजरसुंब्याचा घाट आणि सगळीकडे बालाघाटाचा काळा कातळ. समुद्र इथून तीनशे किलोमीटरांच्या आसपास दूर. अशा गावात कोणी साठ सेंटिमीटर लांबीच्या काचेच्या टाकीत खारे पाणी करून प्रवाळ ठेवायचे ठरवले आणि त्यासाठी लागणारा दिवा तयार विकत न घेता एलईडी, अ‍ॅल्युमिनियमचे हीटसिंक आणि स्थिर प्रवाह देणारा ड्रायव्हर जोडून घरीच बनवायला घेतला, तर बघणारा त्याला छंद म्हणेल, फार तर खटाटोप म्हणेल. मला मात्र त्यात एक निखळ धर्माचा प्रश्न दिसतो. ज्या जिवाला आपण त्याच्या सूर्यापासून तोडून आणले त्याचे आपण काय देणे लागतो, आणि ते देणे फिटले की नाही हे कोणी ठरवायचे? माझे म्हणणे असे, की ते देणाऱ्याच्या भावावरून ठरत नाही, घेणाऱ्याच्या गरजेवरून ठरते. गरज मोजावी लागते. जो मोजायचा कंटाळा करतो त्याने आपल्या वागण्याला भूतदया म्हणू नये.

प्रवाळ म्हटले की आपल्याकडे आधी अंगठीतले पोवळे आठवते, मंगळाचा खडा म्हणून घातलेले, किंवा वैद्याने दिलेली प्रवाळ पिष्टी. म्हणजे दागिना आणि औषध. तो जिवंत असतो हे लक्षातच येत नाही. युरोपातही वेगळे नव्हते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात झाँ आंद्रे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने प्रवाळ हा प्राणी आहे असे निरीक्षणावरून सांगितले, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांनी ते मानायला नकार दिला. त्याच्या कितीतरी आधी जैनांच्या उत्तराध्ययन सूत्राने छत्तिसाव्या अध्ययनात पृथ्वीकाय जीवांची यादी देताना मीठ, लोखंड, सोने यांच्याबरोबर प्रवाळाचेही नाव घेतले होते. आजच्या प्राणिशास्त्राच्या हिशेबाने त्या यादीत प्रवाळाचे कुळ चुकले आहे, तो दगडमातीच्या देहाचा जीव नाही. पण हिंसा-अहिंसेचा विचार करताना त्याला वगळून चालणार नाही हे त्या यादीने ओळखले होते, आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचे तेच आहे.

हा प्राणी जवळून पाहिला तर त्याची अडचण कळते. काही मिलिमीटरांचा एक पॉलिप, मध्ये तोंड, भोवती कडे करून मऊ स्पर्शके. खडक बांधणाऱ्या जातींत असे शेकडो पॉलिप एकमेकांना चिकटून चुन्याचा सांगाडा रचतात. त्यांच्या पारदर्शक अंगात तपकिरी-सोनेरी रंगाची एकपेशीय शैवाले राहतात, एका चौरस सेंटिमीटरात दहा लाखांच्या घरात. शैवाल उजेडावर साखर बनवते आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देते. उथळ पाण्यातल्या प्रवाळांची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज या भागीदारीतून भागू शकते. प्रवाळ जागचा हलत नाही. कुत्र्याला भूक लागली तर ते दारात येऊन उभे राहते, गाय हंबरते. प्रवाळाचे अन्न वरून उजेडाच्या रूपाने पडते, आणि ते कमी पडले तर तो आठवडे, महिने गप्प राहून झिजत जातो. त्याला बंद खोलीत आणणारा माणूस त्याचे अन्नच स्वतःच्या हातात घेतो. मासा पाळणाऱ्यावर एवढी जबाबदारी येत नाही.

आता मुद्द्याचा पुरावा. उजेड भरपूर आहे की नाही हे आपण आपल्या डोळ्याने ठरवतो, आणि या कामी आपला डोळा भरवशाचा साक्षीदार नाही. माणसाची नजर ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्या प्रकाशाला सर्वांत तीव्र असते. ४५० नॅनोमीटरच्या गडद निळ्या प्रकाशाला तिची संवेदनशीलता त्याच्या चार टक्क्यांहूनही कमी. समुद्रात गोष्ट उलटी आहे. पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकते, खोल जावे तसा निळाच उरतो, आणि प्रवाळातल्या शैवालाची रंगद्रव्ये त्याच निळ्यावर पोसली गेली आहेत. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी केलेले आहे. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजायचा तर दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती मायक्रोमोल फोटॉन पडतात ते पाहावे लागते; मत्स्यपालक त्याला ‘पार’ म्हणतात. शंभर पार उन्हातून आले तर लक्समीटर ५,४०० च्या आसपास दाखवतो. तेच शंभर पार नुसत्या ४५० नॅनोमीटरच्या निळ्या एलईडीतून आले तर तो ७०० च्या जवळपास आकडा दाखवतो. शैवालाच्या पदरात तितकेच फोटॉन पडले आणि मीटरने मात्र आठवा हिस्सा सांगितला. उलट, किराणा दुकानातला पिवळसर बल्ब टाकीवर टांगला तर घरच्यांना टाकी झगझगीत दिसेल आणि प्रवाळ अर्धपोटी राहील. मालक समाधानी, जीव उपाशी, आणि मालकाचा हेतू तर चांगलाच होता.

म्हणून घरी दिवा बनवणारा माणूस पहिल्यांदा रंगाचा विचार करतो. ४४५ ते ४५५ नॅनोमीटरचे रॉयल ब्ल्यू दोन भाग, थंड पांढरे एक भाग, थोडे जांभळे. साठ सेंटिमीटरांच्या, शंभर लिटरच्या आतल्या टाकीला तीन वॅटचे चोवीस एलईडी पुरतात. ते ७०० मिलिअँपिअरवर चालवले तर प्रत्येकी सव्वादोन-अडीच वॅट घेतात, म्हणजे सगळे मिळून पंचावन्न-साठ वॅट. दिवसाला नऊ तास चालवले तर अर्धा युनिट. हा निळा एलईडी मिळायला माणसाला वाट पाहावी लागली. लाल एलईडी १९६२ मध्ये आला. कामाचा तेजस्वी निळा मात्र १९९० च्या दशकात, आणि त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या निळ्यातून आपल्या घरांना पांढरा उजेड मिळाला. त्यातून प्रवाळाच्याही वाट्याला त्याचा निळा आला, आणि तो आज मराठवाड्यातल्या माणसाच्या खिशाला परवडतो.

पसायदान मागताना ज्ञानेश्वरांनी प्राणिमात्राला त्याला जे हवे ते लाभो असे मागितले. ही प्रार्थना आपल्याला पाठ आहे म्हणून तिची अट नजरेआड होते. तिथे देणाऱ्याला जे द्यावेसे वाटते त्याचा उल्लेख नाही. ज्याचे मागणे, त्याचीच निवड. एखाद्या जिवाला काय हवे हे कळायला स्वतःची इंद्रिये बाजूला ठेवून त्याच्या इंद्रियांपर्यंत, इंद्रिये नसतील तर त्याच्या पेशींपर्यंत जावे लागते. लक्समीटर बाजूला ठेवून पार मोजणे हे मला त्या मागण्याचेच आचरण वाटते. ते रूक्ष आहे, त्यात गहिवर नाही, पण स्वतःच्या डोळ्याचा हट्ट सोडणे हा अहंकार सोडण्याचा अगदी रोकडा प्रकार आहे.

यावर भक्तिमार्गातून आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. देवाला पान, फूल, फळ, पाणी काहीही चालते, भाव शुद्ध हवा, हे गीतेच्या नवव्या अध्यायापासून आपण ऐकत आलो. मग जिवाच्या सेवेत मोजपट्टी कशाला आणायची? हा आक्षेप एक भेद विसरतो. देवाला भाव पुरतो, कारण देवाला काही कमी नाही. आपण वाहिलेल्या फुलाने त्याची भूक भागायची नसते; फूल हे निमित्त, घडायचे ते आपल्यातच घडते. जिवाचे तसे नाही. त्याला कमी आहे, आणि टाकीतल्या जिवाला तर जे काही कमी आहे ते आपल्यामुळे आहे. पैठणच्या एकनाथांची कथा मराठवाड्यात लहान मुलालाही माहीत असते. रामेश्वराला वाहायला काशीहून आणलेले कावडीतले पाणी त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. सर्वांभूती देव पाहिला, असा या कथेचा अर्थ सांगतात, आणि तो आहेच. पण नाथांनी गाढवापुढे नेमके काय ठेवले ते पाहा. गंध लावले नाही, फुले वाहिली नाहीत, हात जोडून उभे राहिले नाहीत. पाणी पाजले. गाढवात देव पाहिल्यावरही त्याच्याशी वागायचे ते तहानलेल्या गाढवासारखेच, हे त्यांना अचूक कळले होते. देव दिसला म्हणून गरज नाहीशी झाली असे त्यांनी मानले नाही.

याच पालीत ‘इन्फंट इंडिया’चे आनंदग्राम आहे. एचआयव्हीबाधित, आईबापांविना राहिलेली मुले तिथे सांभाळली जातात. मुलांची आणि प्रवाळाची बरोबरी मी करत नाही, तशी ती होऊही शकत नाही. पण करुणेचे काम प्रत्यक्षात कसे चालते याचा दाखला गावातच आहे म्हणून सांगतो. या आजाराच्या औषधाची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, वजन वाढले की बदलते, आणि वेळा चुकवून चालत नाहीत. माया तर हवीच, मायेशिवाय कोणी हे काम अंगावर घेणार नाही. मात्र गोळीचे मिलिग्रॅम आणि घड्याळाचा काटा यांच्या जागी माया ठेवता येत नाही. सेवा करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. सेवेवर बोलणारे आपण ते विसरतो.

मोजण्याची दुसरी बाजू जास्त कठीण आहे, कारण तिथे देण्याचा उत्साहच आड येतो. देवघरातला नंदादीप विझू द्यायचा नसतो. प्रवाळाचा दिवा रोज विझवावा लागतो. दिवसाचे आठ-दहा तास उजेड झाला की शैवालाचे काम संपते. अनेक प्रवाळ अंधारातच स्पर्शके पसरून पाण्यातले सूक्ष्म जीव टिपतात. ज्या जातीला शंभर पार पुरतात तिच्यावर एकदम तीनशे पार सोडले तर शैवालात प्राणवायूची विषारी रूपे साठू लागतात, प्रवाळ आपल्या अंगातले शैवालच बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. समुद्रात तापमान वाढल्यावर जे होते तेच टाकीत फाजील उजेडाने होऊ शकते. त्यामुळे नवा दिवा पहिल्या दिवशी एकतृतीयांश ताकदीवर चालवतात आणि काही आठवड्यांत हळूहळू वाढवतात. डिमर असलेला ड्रायव्हर घ्यायचा तो यासाठीच. दानधर्माच्या आपल्या कल्पनेत जास्त देणारा मोठा. इथे जास्त देणारा मारेकरी ठरतो. देण्यात हात आखडणे हाही सेवेचा भाग असू शकतो, हे मला ग्रंथांपेक्षा या प्राण्याच्या शरीरशास्त्रातून जास्त स्पष्ट दिसते.

आता काटकसरीचा प्रश्न. स्वतःच्या पोटाला चिमटा काढणे हे व्रत होऊ शकते, दुसऱ्याच्या पोटाला काढणे नाही. मग स्वस्तातला घरगुती दिवा म्हणजे मुक्या जिवाच्या वाट्याची बचत नाही का? परदेशी बनावटीचा तयार दिवा दहा हजारांच्या वर जातो आणि घरचा काही हजारांत होतो, तेव्हा ही शंका रास्त आहे. उत्तर दिव्याच्या पोटात शोधावे लागते. तयार दिव्याच्या किमतीत देखणे आवरण, मोबाईलवरून चालवायची सोय, आयात शुल्क, दुकानदाराचा नफा आणि नाव हे सगळे धरलेले असते. यातले काहीही पॉलिपपर्यंत पोहोचत नाही. तिथे बचत केली तर ती मालकाच्या हौसेतून होते. पण स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर, जाड पंखांचे हीटसिंक, एलईडीच्या बुडाशी एकसारखी पातळ पसरलेली थर्मल पेस्ट, वाफ आणि शिंतोडे अडवणारी अ‍ॅक्रिलिकची चादर, जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून ३० मिलिअँपिअरला तुटणारी आरसीसीबी, यांतल्या एकावरही बचत केली तर ती जिवाच्या जिवावर होते, आणि शेवटच्या दोन गोष्टींत माणसाच्याही. हीटसिंक तोकडे पडले तर एलईडी तापून वर्षभरात मंदावतो. मंदावलेला उजेड आपल्या डोळ्याला कळत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. खाऱ्या पाण्याची वाफ तारांवर मिठाचा थर चढवते, आणि तो थर ओलसर झाला की वीज वाहून नेतो. म्हणून प्लगला जाणारी वायर आधी खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो आणि सॉकेटात शिरत नाही.

घरी बनवण्याचा एक नैतिक फायदाही आहे, आणि तो पैशाच्या फायद्याहून मोठा आहे. पालीपासून जवळच, मांजरसुंब्याच्या डोंगरात कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेला तिथे वीरशैव भाविकांची यात्रा भरते. त्या परंपरेला बसवण्णांपासून आलेला कायकाचा विचार परिचित आहे: हाताने केलेले प्रामाणिक काम हीच पूजा, आणि ते काम ज्याच्यापर्यंत पोहोचायचे त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. विकत घेतलेल्या दिव्यात प्रवाळाची गरज कोणा दुसऱ्याने आधीच ओळखून डबीत बंद केलेली असते. मालकाने ती जाणली नाही तरी चालते, म्हणूनच बहुतेक जण जाणत नाहीत. स्वतः डाग देऊन बारा एलईडींची माळ जोडणाऱ्याला मात्र प्रत्येकी ३.३ व्होल्ट धरून चाळीसचा हिशेब करावा लागतो, निळे किती आणि का हे ठरवावे लागते, दिवा पाण्यापासून किती उंच टांगायचा ते पाहावे लागते. गरजेचे ज्ञान त्याच्या हाताखालून जाते. बिघाड झाला तर त्याला कारण कळते, आणि ‘आम्हाला काय माहीत’ ही पळवाट त्याच्यापुरती बंद होते. हाताने केलेल्या वस्तूबद्दलचा अभिमान इथे गौण आहे; जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही, हा लाभ.

कृत्रिम उजेड खोटा, त्यात वाढलेला जीवही खोटा, असे म्हणणारेही भेटतात. त्यांच्यासाठी एकच दाखला पुरे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियममध्ये अटलांटिकमधल्या स्तंभ-प्रवाळाने प्रयोगशाळेत अंडी-शुक्रपेशी सोडल्या. त्या जातीत असे पहिल्यांदाच घडले. एलईडीने सूर्योदय, सूर्यास्त आणि चंद्राच्या कला ऋतूनुसार साधल्या होत्या. प्रवाळाने तो चंद्र खरा मानला. फोटॉन कुठून निघाला याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. तो योग्य वेळी, योग्य मापाने आला एवढे त्याला पुरले.

सर्वांत अवघड आक्षेप मातीतून येतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे मराठवाडा विसरलेला नाही. पाऊस हुकला की बिंदुसरेचा तळ उघडा पडतो, बाया-पोरे घागरी घेऊन टँकरची वाट पाहतात. जिथे ऊसतोडीला गेलेल्या माणसाच्या घरी प्यायचे पाणी मोजून वापरतात, तिथे हौसेखातर समुद्र भरून ठेवणे हे पाप नाही का? या आक्षेपाला ‘टाकी लहान आहे’ असे उत्तर देणे उडवाउडवीचे होईल. हिशेब मांडू. शंभर लिटर पाण्याला साडेतीन किलो समुद्री क्षार एकदा लागतात. उघड्या टाकीतून रोज एखादा लिटर पाणी उडते, उन्हाळ्यात गारव्यासाठी पंखा लावला तर दोन-तीन लिटर. मीठ उडत नाही, त्यामुळे भर घालायची ती शुद्ध पाण्याची. आरओमधून एक लिटर शुद्ध पाणी मिळवताना दोन ते चार लिटर वाया जाते. ते वाया जाणारे पाणी भांडी घासायला, फरशी पुसायला वापरता येते, म्हणजे निव्वळ नुकसान थोडे. पाणी बदलताना मात्र दर दहा लिटरमागे साडेतीनशे ग्रॅम मीठ बाहेर पडते. ते परसातल्या मातीत ओतले तर माती नासते, आडाजवळ ओतले तर आड. हिशेबात ही ओळ बहुतेक जण लिहीतच नाहीत.

या आकड्यांवरून मी असे म्हणेन की साध्या सालात ही टाकी शेजाऱ्याच्या तोंडचे पाणी काढून घेत नाही. घरातला कूलर तिच्याहून कितीतरी जास्त पाणी पितो आणि त्याला कोणी पाप म्हणत नाही. टँकरच्या सालात मात्र आक्षेप खरा ठरतो. कारण तेव्हा प्रश्न लिटरचा राहत नाही. माणसे रांगेत असताना मी माझ्या हौसेचा वाटा बाजूला काढतो की नाही, असा तो होतो. तेव्हा काढू नये, असे माझे मत आहे. आणि तेव्हा काढायचा नसेल तर दुष्काळात त्या जिवाचे काय करायचे हे सुकाळातच ठरवलेले हवे: कोणत्या शहरातला कोणता पालक त्याला ठेवून घेईल, इथपर्यंत. जीव आणायचा आणि दुष्काळ आला की नियतीवर ढकलायचे, हे कर्मसिद्धान्ताला धरून नाही. त्या सिद्धान्तात परिणाम दिसत असताना केलेले काम कर्त्याच्याच खात्यावर पडते.

बीडच्या उन्हाळ्याबद्दलही तेच. प्रवाळाला पाणी २५ ते २७ अंशांचे लागते, तिशीच्या वर ते सलग अनेक दिवस राहिले की तो पांढरा पडू लागतो. मेमध्ये इथे पारा चाळिशीपार जातो, आणि तशातच वीज जाते. पाणी फिरवणारा पंप बंद पडला की उबदार पाण्यात आधीच कमी असलेला प्राणवायू काही तासांत संपतो. स्वस्तातला दिवा बनवून आनंदलेल्या माणसाला खरा खर्च पुढे आहे हे सांगणे कटू वाटते, पण सांगितले पाहिजे. उजेडाची गरज भागवून गारव्याची आणि प्राणवायूची गरज सोडून देणे म्हणजे सोपी गरज निवडून तिलाच सेवा म्हणणे.

प्रवाळाला मेंदू नाही, फक्त मज्जातंतूंचे विरळ जाळे आहे. त्याला दुःख होत असेल असे मानायला आधार कुठे आहे, आणि दुःख नाही तर देणे कसले, असा शेवटचा तर्क उरतो. त्याचा पहिला भाग मी मान्य करतो. आपल्याला कळते तसे दुःख त्याला होते असे मी म्हणणार नाही. पण देणे दुःखातूनच उपजते हे गृहीत धरायला मी तयार नाही. गांधीजींनी विश्वस्तपणाची कल्पना मांडली ती संपत्तीबद्दल होती. तिचे मर्म असे, की जे माझ्या ताब्यात आले पण माझे नाही, त्याचा हिशेब मी देणे लागतो, मग ते रडो वा न रडो. आणि प्रवाळ अगदीच मुका नाही. पॉलिप मिटलेले राहणे, ऊती सांगाड्यावरून मागे सरणे, तपकिरी रंग फिका होत जाणे, उजेड कमी पडल्यावर अंग पसरून जास्त फोटॉन पकडायचा प्रयत्न करणे, हे सगळे जगण्याचे प्रयत्न आहेत. ज्याच्या ठायी असा प्रयत्न दिसतो त्याचे भले-वाईट होऊ शकते. देणे लागू व्हायला मला तेवढे पुरेसे वाटते.

मग मुळात आणावाच का? इथे कायदा आणि धर्म एका बाजूला आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली खडक बांधणारी सर्व प्रवाळे पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून त्यांचा तुकडा तोडणे गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर परदेशी संरक्षित जातींच्या जिवंत नमुन्यांचीही नोंद करावी लागते. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या अठरा प्रवाळ वसाहती २०२० मध्ये परवानगी काढून, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली हलवाव्या लागल्या. चोरून तोडलेल्या प्रवाळावर कितीही अचूक दिवा लावला तरी देणे फिटत नाही, कारण ते सुरू होण्याआधीच बुडवलेले असते. पण दुसरी बाजूही आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचा समुद्र इतका तापला की तिथल्या शास्त्रज्ञांनी प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणले. समुद्रच राहण्याजोगा उरला नाही तेव्हा टाकी हा आसरा झाला, आणि त्या टाक्या सांभाळायची विद्या काही अंशी घरी टाक्या ठेवणाऱ्या हौशी लोकांनीही घडवली आहे. म्हणून टाकीत वाढलेल्या मऊ प्रवाळाच्या, म्हणजे लेदर किंवा मशरूमसारख्या जातीच्या, दुसऱ्या पालकाने कापून दिलेल्या तुकड्यापुरते माझे उत्तर ‘आणावा’ असे आहे. पन्नास ते दीडशे पारमध्ये तो नांदतो, आणि चोवीस एलईडींच्या घरगुती दिव्याला तेवढे जमते.

तेही लगेच नाही. पालीतल्या माणसाने आधी टाकी भरावी, क्षार घालावे, दिवा टांगावा, चार-पाच जणांत मिळून घेतलेल्या पार मीटरने तळाच्या चारही कोपऱ्यांत आणि मधोमध उजेड मोजावा, आणि एक पूर्ण उन्हाळा एकही जीव न ठेवता टाकी चालवावी. रोज दुपारी तीन वाजता पाण्याचे तापमान, रोज घातलेले पाणी, वीज किती तास गेली आणि इन्व्हर्टरने पंप किती तास ओढला, हे वहीत लिहावे. मे संपेपर्यंत पाणी अठ्ठावीसच्या आत राहिले, इन्व्हर्टर पुरला आणि गावात टँकर आला नाही, तर जूनमध्ये पहिला तुकडा आणायला हरकत नाही. नाहीतर क्षाराचे पाणी उन्हात आटवून मीठ गोळा करावे, निळ्या एलईडींच्या जागी पांढरे बसवावे आणि तोच दिवा गोड्या पाण्यातल्या वनस्पतींच्या टाकीवर लावावा.